काहील तीच, चुलवाण तेच. मग नवं करायचं कुठं?

बांधावरचा (धागाकर्ता)

मागे इथल्याच एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं की गुऱ्हाळ हा संपलेला धंदा आहे, तंत्रज्ञान आलं नाही म्हणून संपला. त्याला उत्तर लिहायला घेतलं, ते हाताबाहेर गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

ओळख म्हणून एवढंच: आमचं गुऱ्हाळ करवीर तालुक्यात आहे. चालवतो चुलतभाऊ, हिशेब आणि विक्री माझ्याकडे. काहिलीपाशी (रस आटवायची मोठी कढई) मी उपराच आहे, हे धरून वाचा.

आधी आकडे. एक टन ऊस गाळला की घाण्यातून ६०० ते ६५० किलो रस येतो आणि त्याचा गूळ होतो ११० किलोच्या आसपास. लावण की खोडवा (तोडीनंतर पुन्हा फुटलेला ऊस), ऊस किती महिन्यांचा, तोडल्यावर किती तासांनी गाळला, यावर थोडं मागेपुढे होतं. बाकीचं पाचशे किलो पाणी चुलवाणावर, म्हणजे काहिलीखालच्या चुलीवर, उडवायचं. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के साखर-उताऱ्याला टनामागे ३५५० रुपये एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर) ठरवली. आपल्याकडे उतारा त्याहून बरा असतो, पण तोडणी-वाहतूक वजा होते. शेतकऱ्याच्या हातात ३४०० पडतात असं धरू. गुऱ्हाळाला ऊस हवा तर तेवढे तरी मोजायला हवेत. म्हणजे किलोभर गुळात ३१ रुपये नुसता ऊस बसला. मजुरी, वीज, भेंडी (हिच्या चिकाने रस साफ करतात), चुना, अडत, हमाली अजून धरलीच नाही.

आता गंमत बघा. साखरेचा किमान विक्री दर २०१९ मध्ये ३१ रुपये किलो ठरला. प्रत्यक्षात साखर त्याच्या वर विकते हे खरं, पण कारखान्याला मळी, इथेनॉल, वीज असा जोडधंदा आहे. आमच्याकडे उरतं ते रस काढलेल्या उसाचं चिपाड, आणि ते चुलवाणातच जातं. साखरेच्या जवळपासच्या दरात गूळ विकून टिकायचं असेल तर दोनच वाटा: काहिलीत साखर ओतायची (ओततात, सगळ्यांना माहीत आहे) किंवा गुळाला वेगळं गिऱ्हाईक शोधायचं.

इथं 'तंत्रज्ञान' म्हणणाऱ्यांची गाडी चुकते असं माझं मत आहे. बाजार समितीच्या सौद्यात (लिलावात) गूळ डोळ्यांनी पारखतात. रंग आणि कणी बघतात. पिवळाधमक रवा (गुळाची मोठी ढेप) असेल तर बोली चढते, तपकिरी असेल तर पडते. कोल्हापूरचा गूळ मोठ्या प्रमाणात गुजरातला जातो, शीतगृहात साठवला जातो, आणि तिकडच्या व्यापाऱ्याला पिवळाच लागतो. मग गुऱ्हाळवाला काय करणार? मूठभर हायड्रोस, म्हणजे रंग उजळवणारं गंधकाचं रसायन. गूळ सोन्यासारखा दिसतो, काही आठवड्यांनी पुन्हा काळवंडतो, पण तोवर रवा कुणाच्या दुसऱ्याच्याच गोदामात असतो. सल्फर डायऑक्साइडची कायदेशीर मर्यादा दशलक्षात ७० भाग आहे. सौद्यात ती कुणी मोजत नाही.

म्हणजे उद्या मी उत्तम भेंडी वापरून, रसावरची मळी नीट काढून, अजिबात हायड्रोस न घालता गूळ केला तर सौदा मला दंड करतो. अशा बाजारात काहिलीतली सुधारणा कुणाला परवडेल?

म्हणून आम्ही सुरुवात उलट्या टोकाकडून केली. ३० किलोच्या रव्याऐवजी एक आणि अर्ध्या किलोच्या ढेपा. त्याला साचे लागले, पॅकिंगची खोली लागली, बाकी काहील तीच. मग पावडर. ढेपेचा पाक ११८ अंशांच्या आसपास उतरवतात, पावडरीला १२० ते १२२ पर्यंत न्यावा लागतो, आणि वाफ्यात (पाक थंड करायचा पसरट हौद) घोटणं जास्त. करपला की गेला, म्हणून थर्मामीटर आला.

सर्वात मोठा फरक पडला तो मात्र गुळाच्या चहावाल्यांमुळे. अशा टपऱ्या गेल्या काही वर्षांत गल्लोगल्ली झाल्या. त्यांना रंगाशी घेणंदेणं नाही. त्यांचा एकच प्रश्न: दूध फाटतंय का? दूध न फाटणारा गूळ हवा तर रसाची आंबटाई सांभाळावी लागते. ऊस शिळा नको, चुना मापात हवा. म्हणजे पहिल्यांदाच असा गिऱ्हाईक भेटला जो गूळ डोळ्यांनी पारखत नाही, वापरून पारखतो. त्याच्यासाठी भावाने तोडीपासून गाळपापर्यंतचा सगळा क्रम बदलला. आजचा ऊस आजच. हे कुठल्याही यंत्राने झालं नसतं.

तुमच्या भागातल्या जुन्या धंद्यांत असं काही झालंय का? चपला, चादरी, पापड, माठ, काहीही चालेल. यंत्र आणलं म्हणून सुधारलं अशी उदाहरणं असतील तर तीही सांगा, मला वाद घालायला आवडेल.

---

चिपाड

धागा आवडला. एक शंका. ऊस घरचाच असेल तर ३१ रुपये कशाला धरायचे?

बांधावरचा

कारण तोच ऊस कारखान्याला घातला असता तर ३४०० मिळालेच असते, तेही घाम न गाळता. घरचा ऊस फुकट धरल्यामुळेच कित्येक गुऱ्हाळं वर्षानुवर्षं 'फायद्यात' होती आणि एके दिवशी बंद पडली.

---

अर्धवटराव

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तीस किलोचं एक किलो केलं, त्याला पाकीट घातलं, याला नावीन्य म्हणायचं? हे पॅकिंग आहे. शहरात 'सेंद्रिय', 'केमिकल फ्री', 'आजीच्या हातचा' अशी लेबलं लावून दीडशे रुपये किलोने काय विकलं जातं ते आम्ही रोज बघतो. आत काय आहे हे गिऱ्हाईकाला कसं कळणार? सौद्यात निदान दहा अनुभवी डोळे बघतात. तुमच्या पाकिटाकडे कोण बघतो?

रसायनवाला

अर्धवटरावांचा प्रश्न रास्त आहे. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हायड्रोस सापडतो. सल्फर डायऑक्साइडची तपासणी जुनी आणि सोपी आहे, कुठलीही अन्न प्रयोगशाळा करून देते.

साखरेची भेसळ मात्र वाईट प्रकरण आहे. गुळात मुळात बहुतांश सुक्रोजच असतं, आणि मिसळलेली साखरही उसाचीच. मधात उसाची साखर घातली तर कार्बनच्या समस्थानिकांवरून पकडता येते, कारण फुलांची झाडं आणि ऊस कार्बन वेगळ्या पद्धतीने बांधतात. इथे दोन्हीकडे ऊसच, म्हणून तो रस्ता बंद. खनिजांची राख कमी भरली तर संशय घ्यायला जागा होते, पण उसाच्या जमिनीनुसार राखही बदलते. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'गूळ पाण्यात टाका आणि ओळखा' वगैरे चाचण्यांवर विसंबू नका. खाली बसला तर भेसळ, विरघळला तर शुद्ध, असं काही नसतं.

अर्धवटराव

म्हणजे शेवटी विश्वासच.

रसायनवाला

किंवा गुऱ्हाळावर जाऊन उभं राहणं. साखरेची पोती लपवायला जागा लागते.

---

पन्हाळ्याखालचा

बांधावरचे, तुमी थर्मामीटर थर्मामीटर करताय, पण गुळव्याचं नाव बी काढलं न्हाई बगा. आमच्या घरात तीन पिढ्या गुळव्या. माजा बा पाकाची गोळी गार पाण्यात टाकायचा, बोटांनी दाबायचा आणि सांगायचा, उतरवा. तुमचं ११८ त्येला म्हाईत नव्हतं, पण चुकायचा न्हाई.

आणि ११८ म्हंजे काय देवाची रेघ न्हाई. क्षारपड रानातला ऊस आला की गूळ खारट हुतो, बसत न्हाई, पाक जास्त न्यावा लागतोय. शिरोळकडचा ऊस आला की आमचा बा आदण, म्हंजी काहिलीतला एका डावाचा रस, चढवायच्या आधी रस जिभेवर घ्यायचा. पडलेला ऊस, तुरा आलेला ऊस, परत्येकाचं वेगळं. थर्मामीटर फकस्त किती तापलंय ते सांगतो, कधी उतरवायचं ते न्हाई.

खरी अडचण ही की आता गुळव्या मिळत न्हाई. माजा धाकटा एमआयडीसीत हाय, एसीत बसतोय. चुलवाणापाशी आठ आदणं काडायला त्यो कशाला येईल? तुमच्या नव्या धंद्यात गुळव्याला काय मिळतंय ते सांगा, मग आमी टाळ्या वाजवतो.

बांधावरचा

काका, मुद्दा मान्य. आमच्याकडे गुळव्याला आदणावर पैसे मिळायचे, त्यात जितकी आदणं जास्त तितकी कमाई, म्हणजे घाई. पावडरीच्या आदणाला वेळ जास्त लागतो आणि जुन्या हिशेबात त्याचाच तोटा व्हायचा. भावाने ते मोडून हंगामाचा पगार आणि किरकोळ विक्रीवर वाटा असं केलं. आमचे गुळव्या पन्नाशीचे आहेत. त्यांच्या हाताखाली भाचा आलाय, तो पाकाचं तापमान, उसाचं रान आणि मामा काय म्हणाला हे तिन्ही वहीत लिहितो. त्या वहीचं काय होईल ते दोन-चार हंगामांनी कळेल.

पन्हाळ्याखालचा

वही चांगली. पर मामा खरं सांगतोय का बगा. गुळव्या सगळं सांगत नसतोय.

---

वाफाळ

मी बॉयलरच्या क्षेत्रात आहे. तुमचं 'यंत्राने काही होत नाही' हे पटलं नाही. आपल्याकडे एकाच काहिलीखाली जाळ घालतात आणि उष्णतेचा मोठा भाग धुराड्यातून आकाशात जातो. पश्चिम उत्तर प्रदेशात कोल्हूवर दोन-तीन कढया एका ओळीत असतात. मागच्या कढईतला रस जाणाऱ्या धुरावरच तापतो. चिपाड वाचतं, पाऊस पडून चिपाड ओलं झालं तरी काम थांबत नाही. यात काही महागडं तंत्र नाही. मग गेली कित्येक वर्षं ते इथे का आलं नाही?

बांधावरचा

आम्ही धुराड्याशेजारी रस तापवायची टाकी करून पाहिली. चिपाड वाचलं हे खरं. गुळव्याची तक्रार अशी की रस कोमट अवस्थेत जास्त वेळ राहिला की गूळ मऊ पडतो आणि रंग उतरतो. त्यात तथ्य आहे, कोमट रसात साखर फुटते. टाकी लहान केली, आदणापुरताच रस ठेवला, तर जमलं.

'का आलं नाही' याचं माझं उत्तर: वाचलेल्या चिपाडाला आमच्या भागात नेमका गिऱ्हाईक नव्हता. चिपाड फुकटचं म्हणून जाळ वाचवण्याची कुणाला निकड नव्हती. आता ते विकलं जातं, म्हणून टाकीला अर्थ आला. पुन्हा विक्रीच.

वाफाळ

तुम्हाला सगळीकडे विक्रीच दिसते :)

---

गिरगावची मावशी

पापडाचं उदाहरण मागितलंत म्हणून. लिज्जत १९५९ साली आमच्या गिरगावात सुरू झालं, सात बायका, ८० रुपये उसने. त्यात यंत्र कुठलंच नाही, आजही पापड हातानेच लाटतात. सकाळी बायका केंद्रावर येतात, भिजवलेलं पीठ घेऊन जातात, घरी लाटतात, दुसऱ्या दिवशी पापड जमा करून हातात पैसे. लाटणारी प्रत्येक जण बहीण आणि भागीदार. मुंबईच्या दीड खोलीत कारखाना मावत नाही, म्हणून कारखानाच घरोघरी वाटून टाकला. पीठ मात्र एका ठिकाणी भिजतं, त्यामुळे चव एक. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

माझी सासू लाटायची. संध्याकाळी आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसायची.

अर्धवटराव

हे मान्य. याला नावीन्य म्हणेन. कारण इथे पैसा कुणाकडे जातो ते बदललं.

---

ह्यूस्टनचा पाहुणा

इथल्या मेक्सिकन दुकानात पनेला मिळतो, आपला गूळच. कोलंबियात तो घरोघरी खातात आणि उत्पादनात भारताच्या खालोखाल त्यांचाच नंबर. तिथेही रस साफ करायला झाडांच्या सालीचा बुळबुळीत चीक घालतात, आपल्या भेंडीचा भाऊ. आणि तिथल्या सरकारने २००६ च्या नियमांत पनेलात हायड्रोस आणि साखर दोन्ही घालायला सरळ मनाई केली. रंगाचा प्रश्न असा कायद्याने सोडवता येतो. आपल्याकडे ७० ची मर्यादा ठेवून दार किलकिलं का ठेवलंय?

बांधावरचा

मर्यादा की मनाई हा मुद्दा दुय्यम. तपासणी सौद्याच्या ओट्यावर झाली तर ७० सुद्धा पुरे. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, म्हणजे पेठेचं नाव सव्वाशे वर्षांचं. आणि त्या नावाखाली काय विकलं जातं ते रंग बघून ठरतं. विभागीय ऊस आणि गूळ संशोधन केंद्र कोल्हापुरातच आहे. माणसं, ज्ञान, सगळं हाताशी आहे. सौद्याला रंगाशेजारी एक आकडा लिहायला लावला तर अर्धा प्रश्न सुटेल.

---

कागदी घोडा

मी बँकेत कर्जविभागात काम करते, म्हणून वेगळ्या बाजूने बघते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या २०२० च्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान ठेवलं, आणि 'एक जिल्हा एक उत्पादन' मध्ये कोल्हापूरचा गूळच आहे. अर्ज येतात. सगळे यंत्रांसाठी: पॅकिंग मशीन, पावडर मशीन, स्टीलची काहील. कर्ज मिळतं, यंत्र येतं, आणि दोन हंगामांनी खातं थकतं. असं फार वेळा बघितलं.

कारण यंत्रावर पैसे मिळतात, पण ऊस हंगामात रोख घ्यावा लागतो आणि पाकिटातला गूळ वर्षभर थोडा थोडा विकला जातो. मधल्या सहा-आठ महिन्यांचे पैसे कुठून आणायचे? सौद्यात काही दिवसांत पैसे मोकळे होतात. वर अडत्या (सौद्यातला दलाल) हंगामाच्या आधी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. लोक सौदा सोडत नाहीत ते रंगाच्या प्रेमापोटी नव्हे, अडत्या हीच त्यांची बँक आहे म्हणून. आणि ज्याची उचल घेतली त्याच्याच ओट्यावर, त्याला हवा तसा गूळ न्यावा लागतो.

धागाकर्त्यांनी या बाबतीत काही लिहिलं नाही. तुम्ही काय केलंत?

बांधावरचा

बरोबर नस पकडलीत. आम्ही सौदा सोडलेला नाही. निम्म्याच्या वर गूळ अजून रव्यातच जातो, फक्त उचल बंद केली. ते एकदम झालं नाही, आधी काकांनी ठेव मोडली. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचा सौदा असतो, तिथं आमचा रवा अजूनही असतो आणि अडत्याशी संबंधही चांगले आहेत. चहावाले पंधरा दिवसांनी पैसे देतात, चिक्कीवाले महिन्याने. पुण्यातल्या सोसायट्यांची आगाऊ नोंदणी घेतो, ती दिवाळी आणि संक्रांतीच्या आधी. संक्रांतीची नोंदणी आली की जानेवारीचा ऊस सुटतो. वर्षभराच्या साठ्याचे पैसे आमच्याकडेही नाहीत, त्यामुळे फेब्रुवारीनंतरचा गूळ रव्यात. एवढाच उपाय सापडलाय.

कागदी घोडा

उचल बंद करणं हेच तुमचं खरं नवं काम आहे. साचे आणि पावडर नंतर.

अर्धवटराव

आता मीही धाग्याच्या बाजूने येतो. पण नाव बदला, 'उचल बंद केली तेव्हा' असं ठेवा.

---

कापशीकर

जीएसटीचं काय? १८ जुलै २०२२ पासून लेबल लावलेल्या पाकिटाला ५ टक्के.

बांधावरचा

हो, २५ किलोपर्यंतच्या पाकिटाला. म्हणजे ३० किलोच्या रव्याला नाही, एक किलोच्या ढेपेला आहे. ज्याने गिऱ्हाईकाला नाव-गाव छापून दिलं त्याला कर, निनावी विकणाऱ्याला माफी. उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही, म्हणून लहान गुऱ्हाळांना लगेच झळ बसत नाही. वाढलात की बसते.

---

सांगलीची सून

एवढा मोठा धागा वाचला, आता माझं काम. आम्ही घरगुती काकवी (पातळ गूळ) करून विकतो. पावसाळ्यात बाटली फसफसते आणि थंडीत तळाला खडे बसतात. काय करायचं?

रसायनवाला

फसफसते म्हणजे पातळ राहिली. १०५ ते १०६ अंशांपर्यंत न्या. उतरवल्यावर लगेच बाटलीत भरू नका, आठ-दहा दिवस मोठ्या भांड्यात झाकून ठेवा, गाळ बसेल, मग वरची निवळ भरा. बाटल्या उकळून पूर्ण कोरड्या करून घ्या, एक थेंब पाणी राहिलं तरी आंबते. खड्यांसाठी किलोला ४०० मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल.

सांगलीची सून

पण लेबलवर 'कोणतेही रसायन नाही' असं छापून झालंय.

अर्धवटराव

लिंबू पिळा आणि 'लिंबूयुक्त' छापा. दहा रुपये जास्त लावा.

पन्हाळ्याखालचा

खडे बसू द्यात की. पोरं त्येच आधी खात्यात.